'रझाकार' या शब्दापाशी थांबा : संघर्षातल्या अत्याचारांचं साहित्य वाचायला बसणाऱ्यांसाठी

आमच्या वाचन मंडळात मंटोची 'खोल दो' वाचायची ठरली. मूळ उर्दू कथा, देवनागरी लिपीत छापलेली. वाचून दाखवायचं काम बी.एड. करणाऱ्या एका मुलीकडे होतं. फाळणीच्या दिवसांत अमृतसरहून निघालेली गाडी, निर्वासितांची छावणी, गर्दीत हरवलेली सकीना आणि तिला शोधत वेडापिसा झालेला बाप सिराजुद्दीन. बापाला आठ तरुण भेटतात. त्यांच्याकडे लॉरी आहे, बंदुका आहेत. काळजी करू नका, आम्ही तुमच्या मुलीला शोधून आणतो, असा भरवसा ते देतात. या तरुणांसाठी मंटोने शब्द वापरलाय 'रज़ाकार'. तिथं वाचणारी अडखळली आणि खोलीतले चार-पाच जण मान हलवून म्हणाले, "अच्छा, म्हणजे रझाकारांनी नेली."

लातूर-उदगीरच्या पट्ट्यात या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला माहीतच नाही. आमच्याकडे रझाकार म्हणजे लातूरच्या वकिलाची, कासीम रझवीची, हैदराबादच्या निजामाच्या बाजूनं उभी राहिलेली सेना. 'रझाकारात' म्हणजे १९४७-४८ साल. त्यामुळे कथेतले तरुण ऐकणाऱ्यांच्या मनात लगेच शत्रूच्या खात्यात गेले आणि पुढं जे होतं ते 'त्यांनी' केलं, असं ठरून गेलं. मंडळात एक निवृत्त उर्दू शिक्षक येतात, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी हात वर केला. उर्दूत रझाकार म्हणजे राजीखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. कथेतले रझाकार सिराजुद्दीनच्याच बाजूचे, त्याच्याच धर्माचे, छावणीतल्या लोकांना मदत करायला निघालेले. सकीनाचं जे झालं ते आपल्याच माणसांनी केलं. मंटोला तेच सांगायचं होतं आणि आमच्या कानातल्या एका शब्दानं ते आम्हाला ऐकूच येऊ दिलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही कथा परत पहिल्यापासून वाचली. युद्ध, दंगल, बंडखोरी, लष्करी कारवाई यांत माणसांवर जे अत्याचार होतात, त्यांवरचं साहित्य वाचायला नव्यानं बसणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. एकट्यानं वाचणार असाल तरी चालेल, पण तालुक्याच्या वाचनालयात पाच-सात जण मिळून वाचलंत तर जास्त पदरात पडेल.

आधी लहान घ्या

नवा वाचक उत्साहानं पाचशे पानांची कादंबरी उचलतो, साठाव्या पानावर त्याचं मन सुन्न होतं आणि पुस्तक कपाटात जातं. म्हणून एका बैठकीत संपेल असं काहीतरी आधी घ्या. मंटोच्या 'सियाह हाशिये'त फाळणीवरचे अगदी छोटे तुकडे आहेत, काही तर दोन-तीन ओळींचे. १९४८ सालचं हे पुस्तक. एका बैठकीला पाच तुकडे पुरे. मग 'खोल दो'. ही कथा छापली म्हणून लाहोरच्या 'नुक़ूश' मासिकावर सहा महिन्यांची बंदी आली होती.

त्यानंतर महाश्वेता देवींची 'द्रौपदी'. १९७८ सालची बंगाली कथा, नक्षलवादी चळवळीच्या काळातली. मग ॲन फ्रँकची डायरी. ती तुम्ही शाळेत वाचली असेल तरी पुन्हा वाचा आणि शेवटची तारीख बघा : १ ऑगस्ट १९४४. तीन दिवसांनी, ४ ऑगस्टला, लपलेली सगळी माणसं पकडली गेली. म्हणजे जो गुन्हा आपण त्या पुस्तकाशी जोडतो, तो त्या पुस्तकात नाहीच. छळछावणी, उपासमार, बर्गेन-बेल्सनमधला मृत्यू, हे सगळं शेवटच्या पानानंतरचं आहे. पुस्तक जिथं थांबतं तिथं काय झालं, हे विचारायची सवय इथून लावून घ्या.

मग प्रीमो लेवीचं 'इफ धिस इज अ मॅन'. मग नादिया मुराद यांचं 'द लास्ट गर्ल'. साध्या माणसांच्या मुलाखतींतून पुस्तकं उभी करणाऱ्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांची पुस्तकं सगळ्यात शेवटी, कारण त्यांत शेकडो आवाज आहेत आणि एकेका आवाजापाशी थांबायची सवय आधी हवी.

कोण बोलतंय ते पहिल्या पानावर लिहून ठेवा

वहीच्या पहिल्या ओळीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे ज्याच्यावर झालं तो सांगतोय का? ज्यानं पाहिलं तो सांगतोय का? की ज्यानं ऐकलं, वाचलं, कल्पिलं तो?

साक्ष, कथा आणि अहवाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींकडून एकच मागणं करू नये. साक्षीकडे खरेपणा मागा, पण तारखेत-वेळेत चूक झाली म्हणून साक्ष खोटी ठरवू नका. मार खाणारा माणूस घड्याळ बघत नसतो. अहवालाकडे आकडे आणि ठिकाणं मागा. कथेकडे आकडे मागायचे नाहीत. अहवालात कधीच मावत नाही ते कथा सांगते : त्या क्षणी खोलीत कोण होतं, कुणी नजर वळवली, कुणाला घाम फुटला.

लेवी हा तुरिनचा रसायनशास्त्रज्ञ. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याला आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत नेलं. हातावर १७४५१७ हा आकडा गोंदला. तो लिहितो की हा आकडा दाखवल्याशिवाय पाव आणि सूप मिळत नसे. आक्रोश नाही, शिव्या नाहीत. बूट पायाला लागतात, चमचा नाही, रांगेत कुठं उभं राहिलं की सूप घट्ट मिळतं, असं तो प्रयोगशाळेतल्या नोंदीसारखं सांगत जातो. आमच्या मंडळात एक तरुण मेडिकल दुकान चालवतो. तो म्हणाला, "मॅडम, याला राग कसा येत नाही?" मी त्याला पुस्तक पुन्हा दिलं आणि सांगितलं की फक्त बुटांबद्दल जिथं जिथं लिहिलंय ते वाच. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा रागाबद्दल काही बोलला नाही. लेवीला आपल्याला रडवायचं नव्हतं, न्यायाधीशासारखं बसवायचं होतं, आणि न्यायाधीशासमोर साक्षीदार ओरडत नाही.

या पुस्तकात एक स्वप्न आहे, ते नक्की वाचा. लेवी घरी परतलाय, बहिणीला आणि मित्रांना सगळं सांगतोय आणि कुणाचं लक्षच नाही. बहीण उठून निघून जाते. छावणीतल्या इतरांनाही असंच स्वप्न पडत होतं. पुस्तक १९४७ मध्ये निघालं, पण आधी एका मोठ्या प्रकाशनानं ते नाकारलं होतं.

क्रियापद तपासा

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. त्यासाठी कुठली पदवी लागत नाही, मराठी यावी लागते.

'घरं जळाली.' 'घरं जाळली.' 'त्यांनी घरं जाळली.' या तीन वाक्यांत आग एकच आहे. पहिल्या वाक्यात ती आपोआप लागली. दुसऱ्यात कुणीतरी लावली, पण कुणी ते दारामागे आहे. तिसऱ्यात माणूस समोर आला. 'माणसं मेली', 'माणसं मारली गेली', 'शेजारच्या वाडीच्या लोकांनी माणसं मारली' यांचंही तसंच. वाचताना पेन्सिल घ्या आणि जिथं कर्ता गायब आहे त्या क्रियापदाखाली रेघ मारा. चांगला लेखक कर्ता लपवतो तेव्हा त्यामागं काही कारण असतं. कधी साक्षीदाराला खरंच दिसलं नसतं, कधी लेखकाला दाखवायचं असतं की सरकारी भाषा कर्ता कसा गिळते. 'द्रौपदी'तला सेनानायक एक साधं कचेरीतलं वाटावं असं वाक्य टाकून निघून जातो आणि पकडलेल्या संथाळ बंडखोर दोपदी मेझेनवर रात्रभर सामूहिक अत्याचार होतो. आदेशात 'अत्याचार' हा शब्दच नाही.

याच सेनानायकाबद्दल आणखी एक गोष्ट. तो वाचणारा माणूस आहे. ज्यांना मारायचं त्यांना आधी समजून घ्यावं, असं मानणारा. त्यांची बाजूही त्याला पुस्तकातून कळते. आपण पुस्तकं वाचतो म्हणजे आपण आपसूक दोपदीच्या बाजूला उभे राहिलो, असं समजू नये, एवढं त्या पात्राकडून शिकण्यासारखं आहे. आमच्या मंडळात या मुद्द्यावर पाऊण तास गेला आणि तो वाया गेला नाही.

क्रियापदाची ही सवय मला पुस्तकातून लागली नाही. आमच्या वाड्यात एक शिसवी पलंग होता, पायांवर वेलबुट्टी कोरलेला. आजी त्यावर कधी निजली नाही. खाली घोंगडी टाकून झोपायची. लहानपणी मी विचारलं, "आजी, हा कुठून आणला?" ती म्हणाली, "ॲक्शनमधी आला." ॲक्शन म्हणजे 'पोलीस ॲक्शन', सप्टेंबर १९४८ मधली निजामाच्या हैदराबाद राज्यावरची भारतीय सैन्याची कारवाई. पलंग आला. चालत आल्यासारखा. कुणाच्या घरातून, कुणी उचलून, कुणाच्या डोक्यावरून, काही नाही. मी पस्तीस वर्षांची झाले तेव्हा ते वाक्य मला ऐकू आलं. तोवर आजी गेलेली होती.

'अब्रू', 'विटंबना', 'बाटवली'

मराठीत बाईवरच्या अत्याचाराला जे शब्द आहेत ते एकेक करून वहीत लिहा आणि प्रत्येकापुढं विचारा : या शब्दात कुणाचं काय गेलं? 'तिची अब्रू गेली' म्हटलं की घराण्याचं काहीतरी गेलं आणि ते तिनं घालवलं. 'बाटवली' म्हटलं की ती आता परत घेण्याजोगी राहिली नाही. मारणारा हात या शब्दांत कुठंच नाही. फाळणीत आणि आपल्याकडे १९४८ मध्ये कितीतरी बायका परतल्यावर दारातच अडल्या, त्यामागं हे शब्द होते.

'खोल दो'च्या शेवटी डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो आणि अर्धमेल्या सकीनाचे हात स्वतःच्या सलवारीच्या नाडीकडे जातात. बाप ओरडतो की माझी मुलगी जिवंत आहे. डॉक्टर घामानं निथळतो. त्या बापाच्या तोंडी 'अब्रू' नाही, 'जिवंत' आहे. हे दाखवून दिल्याशिवाय ही कथा कुणाला वाचायला देऊ नका. शाळेतल्या लहान मुलांना तर मुळीच नको. मोठ्यांनाही आधी सांगा की कथेत काय आहे. धक्का द्यायचं काम मंटो करतो, आपण करायची गरज नाही.

नादिया मुराद यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं, ते या शब्दांच्या विरोधात लिहिणंच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकच्या सिंजार भागात इसिसनं यझिदी या अल्पसंख्याक समाजावर हल्ला केला. नादिया यांच्या कोचो गावातले पुरुष मारले, बायका-मुली गुलाम म्हणून विकल्या. आपल्यावर काय झालं ते नाव न लपवता त्यांनी जगापुढं मांडलं. २०१७ मध्ये पुस्तक आलं, २०१८ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. वाचताना बघा की त्या गावातली सकाळ, भाऊ, आई, लोकरीसाठी मेंढ्या यांवर किती पानं देतात. काय मोडलं ते कळण्याआधी काय होतं ते कळावं लागतं.

तारखा आणि नकाशा

पुस्तकाशेजारी नकाशा ठेवा. जागा कुठं आहे, सरहद्द किती कोसांवर आहे, रेल्वे कुठून जाते. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या भागाबद्दल वाचताना मात्र आजचे जिल्हे डोक्यातून काढा. निजामी राज्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, जालना औरंगाबादेत, हिंगोली परभणीत. 'लातूर जिल्हा' म्हणून १९४८ ची कागदपत्रं शोधाल तर हाती काही लागणार नाही.

कायद्याचं एक पान

साहित्य वाचायला कायदा कशाला, असं आमच्याकडे विचारलं गेलं. कारण 'वाईट झालं' यापलीकडे बोलायला शब्द लागतात. मानवी हक्कांचा जाहीरनामा मराठीतही मिळतो, त्याची ३० कलमं आहेत. त्यातली चार-पाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा : जगण्याचा हक्क, ३. छळ आणि अमानुष वागणूक नाही, ५. मनमानी अटक नाही, ९. आसरा मागण्याचा हक्क, १४. कुणाची मालमत्ता मनमानीनं हिरावून घेता येत नाही, १७. पहिल्या कलमात आधी 'सर्व पुरुष' अशा अर्थाचा शब्द होता. तिथं 'सर्व माणसं' हा अर्थ यावा म्हणून भारताच्या हंसा मेहता झटल्या. शिवाय १९४९ चे जिनिव्हा करार. त्या सगळ्यांत असलेलं तिसरं कलम सांगतं की देशांतर्गत संघर्षातही, शस्त्र न धरलेल्या किंवा खाली ठेवलेल्या माणसाला मारणं, छळणं, ओलीस ठेवणं, अपमानित करणं चालणार नाही.

जाहीरनामा पॅरिसमध्ये मंजूर झाला तो दिवस १० डिसेंबर १९४८. त्याच दिवसांत आपल्या मुलखात तीन माणसं गावोगाव फिरत होती. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. ॲक्शननंतर भारत सरकारनं पाठवलेली ही सुंदरलाल समिती. २९ नोव्हेंबरला ते हैदराबादेत आले आणि २१ डिसेंबरला दिल्लीला परतले.

आपल्या गावाचं पान

दूरच्या अत्याचाराबद्दल वाचणं सोपं असतं. पोलंड, इराक, पंजाब. आपला त्यात हात नसतो. म्हणून दोन-तीन पुस्तकं झाली की एक बैठक आपल्या भागासाठी ठेवा.

यातला अर्धा भाग आपल्याला पाठ आहे. रझाकारांनी गावांवर बसवलेली वसुली, नाही म्हणणाऱ्यांवर हल्ले, लूट, जाळपोळ, बायकांवर अत्याचार. मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, इंग्रजी मुलखात, म्हणजे बार्शी-सोलापूरकडे, निघालेली कुटुंबं. बळदात लपून काढलेल्या रात्री. गश्ती निशाण ५३ या निजामी हुकमानं सभा-भाषणांवर घातलेली बंधनं. हे सगळं खरं आहे आणि यावर अनंत भालेरावांसारख्यांनी जीव ओतून लिहिलेलं आहे. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तो या दुःखाचा शेवट झाला म्हणून. तो दिवस मोठा आहेच.

दुसरा अर्धा भाग कुजबुजत सांगितला जातो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरलं, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत खेड्यापाड्यांत मुसलमानांना मारलं गेलं, लुटलं गेलं. सुंदरलाल समितीनं राज्याच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून, पाचशेहून अधिक लोकांशी बोलून लिहिलं की कारवाईच्या वेळी आणि नंतर अगदी कमीत कमी धरलं तरी २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, नांदेड आणि गुलबर्गा होते. हा अंदाज आहे, मोजदाद नाही. सरकारला तो पटला नाही आणि अहवाल कित्येक दशकं सरकारनं छापला नाही.

त्याच अहवालात रझाकारांचे अत्याचार आहेत. आणि अशीही नोंद आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवलं आणि त्यात स्वतःचे जीव घालवले. ही नोंद वाचून झाल्यावर शोएबुल्ला खान यांच्याबद्दलही वाचा. 'इमरोज़' या उर्दू पत्राचे तरुण संपादक. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांना मारलं, हात तोडला. 'हिंदू दुःख' आणि 'मुसलमान दुःख' असे दोन डबे करून वाचायला बसलात, तर हे विणकर आणि हा संपादक कुठल्या डब्यात ठेवणार?

त्या बैठकीत चाचांनी घरातली गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा शिंपी होते, कुठल्या सेनेत नव्हते. ॲक्शननंतर गावात दाढी दिसली की 'रझाकार' म्हणायचे. "अब्बांना हा शब्द घरात चालायचा नाही," ते म्हणाले. "मुलांनी शाळेतून शिकून आणला तरी नाही." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. माझ्या डोक्यात पलंग होता. मी तो त्या दिवशी सांगितला, पहिल्यांदाच, चाचांच्या समोर. ते इतकंच म्हणाले, "पाय कोरलेले असायचे, बरोबर."

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं असेल तर आता विचारा. १९४८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. पण कसं विचारायचं ते सांभाळा. 'किती मेले' असं पहिल्यांदा विचारू नका. कुठल्या वाटेनं गेलात, पायात काय होतं, बरोबर काय घेतलं, वाटेत काय खाल्लं, असं विचारा. ज्वारीच्या उभ्या पिकातून चालल्याचं आठवलं की पुढचं आपसूक येतं. मोबाइलवर आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा आणि शेवटी पुन्हा विचारा की ठेवू का पुसू. बाईशी बोलायचं तर तिच्या मुला-सुनेसमोर नको. ती मध्येच थांबली तर तुम्ही वाक्य पूर्ण करू नका. गावात अजून त्याच घरांत तीच कुटुंबं राहतात. ऐकलेली नावं मंडळाबाहेर नेऊ नका, व्हॉट्सॲपवर तर नकोच नको.

बैठक कशी चालवावी

दीड तास पुरे. पाऊण तास मोठ्यानं वाचन, उरलेला वेळ बोलणं. वाचणारा एकच नको. दोन-दोन पानांनी बदला, म्हणजे कुणा एकावर भार येत नाही. वाचताना आवाजात नाट्य आणू नका. पाणी ठेवा. कुणाला उठून बाहेर जावंसं वाटलं तर जाऊ द्या, कारण विचारू नका.

वाचन संपलं की पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही, असा नियम आम्ही केलाय. सुरुवातीला अवघड गेलं. पण त्या पाच मिनिटांआधी जो बोलतो तो हमखास आधीच ठरवलेलं मत बोलतो. चर्चेत एक गोष्ट मात्र कडक ठेवा : 'त्यांचं काहीच नाही, आमच्यावर झालं ते बघा' असं दुःखांचं वजन करायला कुणी लागलं की थांबवा आणि पुस्तकातलं पान उघडायला सांगा. 'कुठल्या ओळीवरून म्हणताय?' हा प्रश्न मी आजवर शेकडो वेळा विचारला असेल. कुणाचा अपमान होत नाही आणि बोलणं जागेवर येतं.

सलग तीन बैठका अशा पुस्तकांच्या घेऊ नका. मध्ये एखादी ललित, विनोदी, काहीही घ्या. मनाला आराम दिला नाही तर ते बधिर होतं, आणि बधिर मनानं पुढचं सगळं नुसतं रक्ताचं वर्णन म्हणून वाचलं जातं.

लिहावंसं वाटलं तर

वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी लिहावंसं वाटतंच. एवढंच सांगते. दुसऱ्याची साक्ष 'मी' म्हणून लिहू नका. कथा लिहायची तर कथा म्हणून लिहा; खरं गाव आणि खरी माणसं ओळखू येतील असं ठेवू नका. अत्याचाराचा प्रसंग लिहून झाला की त्यातलं एक वाक्य काढून बघा, मग दुसरं. बहुतेक वेळा प्रसंग उभाच राहतो. आणि ज्यानं ते केलं त्याला राक्षस करू नका. तो सकाळी जेवून निघालेला, ओळखीतला माणूस होता. कदाचित पलंग डोक्यावर घेऊन घरी आलेला.

मी स्वतः त्या पलंगावर लिहायला तीनदा बसले आहे. तिन्ही वेळा पहिलं वाक्य 'पलंग ॲक्शनमध्ये आला' असंच लिहिलं गेलं. चौथ्यांदा 'आणला' असं लिहिलंय. कुणी आणला, ते नाव मला घरात विचारायचंय. काका अजून आहेत.